धरलं ना बराबर?

बाबा, परवा तुमच्या नातीनं मला विचारलं, "आई, तुला तो अपघात आठवतो का गं?" मी शाळेत न्यायच्या डब्यात भेंडीची भाजी भरत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही." सव्वीस वर्षं मी हेच उत्तर देत आले आहे, त्यामुळे ते जिभेवर तयारच असतं, विचारणाऱ्याचा प्रश्न संपायच्या आत बाहेर पडतं. तुम्ही हिला पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही माझ्या पोटात सहा महिन्यांची होती. आता सोळा पूर्ण झाली आहे, तुमच्यासारख्याच रुंद कपाळाची आणि तुमच्यासारखीच, एकदा मनात घेतलं की न सोडणारी. तिला स्कूटी शिकायची आहे. मी नको म्हणते आणि कारण सांगत नाही. मग तिनं स्वतःच कारण शोधायला घेतलं, दारव्ह्याला आजीला फोन लावून सगळा इतिहास गोळा केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "नाही" ऐकून ती कॉलेजला निघून गेली, आणि माझा चमचा भाजीतच राहिला. मी पोरीशी खोटं बोलले होते. तुमच्याशीही तेच खोटं बोलले होते, आणि तुम्ही जाईपर्यंत बोलत राहिले. म्हणून हे लिहायला बसले आहे. मास्तरणीच्या भाषेत लिहिते आहे, हसू नका. तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती कागदावर उतरवायला गेले की दोन ओळींत रडू येतं, आणि मग काही लिहून होत नाही.

घरात तो अपघात जसा सांगितला जातो तसा आधी सांगते. फेब्रुवारीचा शेवट, रविवार. मी नववीत. तुम्ही कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर, हंगाम उताराला लागलेला, म्हणून कधी नव्हे तो एक रविवार तुमच्या वाट्याला आला होता. सायन्सची जर्नलं घ्यायला म्हणून आपण स्कूटरवर यवतमाळला गेलो, आणि खरं सांगायचं तर उसाच्या रसासाठी. दोन-दोन ग्लास रस पिऊन परत निघालो. दारव्ह्याच्या अलीकडे तो लांब उतार आहे ना, त्याच्या पायथ्याशी वस्तीतल्या लोकांनी आठवड्यापूर्वीच नवा गतिरोधक करून ठेवला होता. त्याला ना पट्टे, ना आधी कुठं पाटी. तुम्हाला तो अगदी तोंडाशी आल्यावर दिसला. गाडी उडाली, तुम्ही कशीबशी सावरलीत, आणि मी मागच्या मागे डोक्यावर पडले. हेल्मेट त्या काळी आपल्याकडे कोण घालत होतं? मागून येणाऱ्या जीपवाल्यानं मला उचललं. आधी यवतमाळ, तिथून नागपूर, डोक्याचं ऑपरेशन, आणि अकरा दिवस मी डोळे उघडले नाहीत. या गोष्टीत तुमचं वाक्य नेहमी एकच असायचं, "माहंच ध्यान नव्हतं." आईनं तुम्हाला कधी दोष दिला नाही, पण त्याचं कारण ती तुमच्याशी बोलतच नव्हती. ताट वाढायची, सरकवायची, आणि बघायची मात्र भिंतीकडे. महिन्याभरात तुम्ही स्कूटर विकून टाकलीत आणि माळ्यावरची सायकल खाली काढलीत.

नागपूरहून घरी आले तेव्हा माझ्या डोक्यावर केस नव्हते, उजव्या हाताच्या अंगठ्यात जोर नव्हता आणि शब्द वेळेवर येत नव्हते. तांब्या समोर दिसायचा, तो काय आहे हे कळायचं, पण तोंडातून "ते पाण्याचं" एवढंच निघायचं. ऊन लागलं की डोकं ठणकायचं. झटका येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी दिवसभर डोळ्यांवर झापड असायची. हे सगळं मी सोसलं असतं. मला सोसत नव्हतं ते कौतुक. उजव्या हातानं घास तोंडापर्यंत नेला की आत्या टाळी वाजवायची. अंगणातून नळापर्यंत चालत गेले की शेजारच्या काकू आईला हाक मारून सांगायच्या, "पाहा वो, चालून राह्यली पोरगी." बघायला येणारी माणसं मला बघायची आणि प्रश्न आईला विचारायची, "जेवते काय? झोपते काय?" मी त्यांच्या समोरच बसलेली असायची. वाक्य सुरू केलं आणि मध्ये शब्द अडला की चार तोंडं तो शब्द पुरवायला पुढे यायची. कधीकधी त्यांचा शब्द चुकीचा असायचा, तरी मी मान हलवायची, कारण वाद घालायला लागणारे शब्द आणखी लांब होते.

एक दिवस मी त्यांची परीक्षा घेतली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून नीट खात्री करून घेतली होती की आज गुरुवार आहे. मग आई भाकरी थापत होती तिथं जाऊन म्हणाले, "आई, आज सोमवार." आईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली, "होय माय, सोमवार." मी मोरीत जाऊन दार लावून रडले. त्या दिवशी मला कळलं की मी काहीही बोलले तरी ते या घरात बरोबरच असणार आहे. शाळेनंही तेच केलं. वार्षिक परीक्षेचा एकही पेपर न देता मला दहावीत ढकललं, वर निरोप पाठवला की तब्येत सांभाळ, अभ्यासाचं टेन्शन घेऊ नको. त्यांचं मन चांगलं होतं, मला माहीत आहे. आज मी स्वतः मास्तरीण आहे आणि असे निरोप मीही पाठवले असतील. पण त्या वेळी मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्याचा निकाल लागला असं धरून चालले. जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी गेले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

त्याआधी मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली होती. तुम्हाला आठवत असेलच. सातवीपासून आपल्या विहारात वंदना सांगायला मी उभी राहायची. माझे पाली उच्चार स्वच्छ आहेत असं सगळी वस्ती म्हणायची, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. मी एक ओळ म्हणायची, मागून दीडशे माणसं तीच ओळ म्हणायची. त्या वर्षीही सगळ्यांनी प्रेमानं मलाच पुढे केलं. डोक्याला पांढरा रुमाल बांधून मी माइकसमोर उभी राहिले. त्रिसरण तीनदा म्हणायचं असतं, ओळी त्याच, फक्त प्रत्येक फेरीला सुरुवातीचा शब्द बदलतो. मध्येच मला कळेना की मी दुसऱ्यांदा म्हणते आहे की तिसऱ्यांदा. मी थांबले. एका क्षणात मागून सगळ्यांनी ओळ उचलली आणि पुढे म्हणत गेले, मला सांभाळून घेत, माझ्यावाचून. पाचही शीलं त्यांनीच पुरी केली, मी माइक धरून नुसती उभी. शेवटी टाळ्या वाजल्या. बायकांनी जवळ घेतलं. तुम्ही दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभे होतात आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. घरी येऊन मी आईला सांगितलं की यापुढे मला कुणी उभं करायचं नाही.

मग दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला. हंगामात तुम्ही घरात दिसायचे नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. केंद्रावरून सुटलात की चौकातला पानठेला, तिथली मित्रमंडळी, आणि मग जेवायला घरी. त्या वर्षी मात्र तुम्ही दिवेलागणीला सायकल भिंतीला टेकवलीत, हातपाय धुतलेत आणि खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढलीत. पुडीत मूठभर कापूस. पाटावर तुमचं ते काळं कापड अंथरलंत, केंद्रावर वापरायचं. कापसाचा एक पुंजका सरकीवरून ओढून घेतलात, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मधून ताणलात, तुटलेला अर्धा दुसऱ्या अर्ध्यावर ठेवलात, पुन्हा ताणलात. सात-आठ वेळा. हळूहळू त्यातला गुंता गेला आणि धागे एका दिशेला सरळ पडले. ती चपटी पांढरी पट्टी काळ्या कापडावर ठेवून तुम्ही मला विचारलंत, "किती?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "धाग्याची लांबी. मिलीमीटरमंदी. अंदाजानं सांग." मी उगाच म्हटलं, "तीस." तुम्ही पोलादी पट्टी लावलीत. मग पट्टी बाजूला ठेवून म्हणालात, "चूक. आता तू काढ."

बाबा, नऊ महिन्यांत "चूक" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.  स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, आणि इतक्या महिन्यांनी तुमच्याशी बोलली ती भांडायलाच. "कायले छळून राह्यले लेकराले?" तुम्ही मान वर केली नाहीत. "छळून नाही राह्यलो. इचारून राह्यलो." मी कापूस घेतला. अंगठ्यात जोर नाही, पुंजका ताणला की उजव्या हातातून निसटायचा. चार वेळा निसटला. पाचव्या वेळी मी सगळा कापूस तुमच्या अंगावर फेकला आणि आत निघून गेले. तुम्ही हाक मारली नाहीत, समजूत काढली नाहीत. पडलेला कापूस वेचून पुडीत भरलात आणि जेवायला बसलात. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाट मांडला गेला, काळं कापड अंथरलं गेलं, नवी पुडी आली. मी लांबून बघत होते. तुम्ही एकटेच ओढत बसलात. तिसऱ्या दिवशी मी येऊन बसले. तुम्ही नुसतं म्हणालात, "धर."

त्या हिवाळ्यात मी किती कापूस ओढला असेल कोण जाणे. आपल्या घरात सगळीकडे तंतू उडालेले असायचे, आईच्या आमटीत, तुमच्या मिशीत, माझ्या नव्यानं उगवलेल्या केसांत. आधी पट्टी वेडीवाकडी यायची, मग जरा बरी, मग सरळ. अंगठा दुखायचा, तरी दुखतो म्हणून कुठं सांगायची सोय नव्हती, कारण तुम्ही विचारायचे नाहीत. तुम्ही मला धाग्याचा पोत डोळ्यांनी न बघता बोटांनी ओळखायला शिकवलंत. सरकी दाताखाली फोडून ओल ओळखायला शिकवलंत, कोरडी असली की कट्‌कन फुटते, ओली असली की दाताखाली दबते. मी सत्तावीस म्हणायची, तुम्ही म्हणायचे, "चूक. परत पाह्य." मी अठ्ठावीस म्हणायची, तुम्ही म्हणायचे, "आता काहून अठ्ठावीस? मगाशी सत्तावीस काहून म्हणलं?" मला कारण सांगावं लागायचं. कारण सांगायचं म्हणजे शब्द शोधावे लागायचे, आणि मी शोधत असताना तुम्ही एकही शब्द पुरवायचे नाहीत. मी अडले की तुम्ही नुसते बसून राहायचे, सरकी चघळत, जणू तुम्हाला रात्रभर दुसरं काहीच काम नाही. आई आतून ओरडायची, "सांगून द्या ना तिले." तुम्ही म्हणायचे, "तिलेच सांगू दे."

आणि मग ती संक्रांतीच्या आसपासची संध्याकाळ. तुम्ही नवी पुडी सोडलीत, कापसाची पट्टी काढलीत आणि स्वतःच म्हणालात, "हा पक्का अठ्ठावीस." मी ती बोटांवर घेतली. मला पटेना. मी पुन्हा ओढली, कापडावर ठेवली. "सव्वीस," मी म्हटलं. तुम्ही हसलात. "वीस वर्सं झाले मले या कामात." मी म्हटलं, "असतीन. चूक तुमची हाय."  आई लाटणं हातात घेऊन दारात आली. तुम्ही पोलादी पट्टी लावलीत, चष्मा वर केलात, पुन्हा खाली केलात. सव्वीस. तुम्ही पट्टी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "माही चूक." आई हसायला लागली, दारातच खाली बसून हसायला लागली, आणि हसता हसता तुम्हाला म्हणाली, "आता तुमीच परत पाहा." तेवढ्या एका वाक्यानं तिचा अबोला संपला. मी त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सारखं स्वतःला सांगत होते की माझं डोकं चालतं. कुणी दिलेलं प्रमाणपत्र नव्हतं ते, पट्टीनं मोजून निघालेलं होतं. त्या दिवसापासून मी बरी व्हायला लागले असं मी धरते, डॉक्टर काही का म्हणेनात.

आता ते सांगते जे मी कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांतली गोष्ट. मी कापूस ओढत होते, तुम्ही समोर बसला होता. पुंजका ताणला, दोन्ही चिमटी एकदम सैल झाल्या आणि हात मोकळे दोन्ही बाजूंना गेले. आणि मला तो उतार दिसला. दोन्ही हात पसरलेली मी, तोंडावर वारा, पुढे तुमची पाठ. मला सगळं आठवलं, बाबा. त्या उतारावर मी नेहमीच हात सोडायची. सीटमागची दांडी सोडून दोन्ही हात पाखरासारखे पसरायची, खूप मजा यायची, आणि पुढे बसलेल्या तुम्हाला मागचं काही दिसायचं नाही. म्हणूनच तुम्ही प्रत्येक उतार लागला की मान न वळवता विचारायचे, "धरलं ना बराबर?" आणि मी हात पसरलेले ठेवूनच म्हणायची, "हो, धरलं." त्या रविवारीही तुम्ही विचारलं होतंत. त्या रविवारीही मी "हो, धरलं" म्हणाले होते. गतिरोधक तुम्हाला उशिरा दिसला हे खरं आहे. पण मी दांडी धरली असती तर जास्तीत जास्त जीभ चावली गेली असती.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही समोर बसून सरकी चघळत माझी वाट बघत होता. तुम्हाला वाटलं मी लांबीचा आकडा शोधते आहे. तुमच्या पायांना सायकल मारून मारून पडलेले घट्टे मला दिसत होते. मी एक शब्द बोलले असते तर तुम्ही सुटला असता, आणि तेच मला नको होतं. तुम्ही सुटलात की पुन्हा चौकात जाल, पानठेल्यावर बसाल, पाट उभा करून ठेवला जाईल, असं मला वाटलं. वर्षानुवर्षं हंगामात मी तुम्हाला फक्त जेवताना पाहिलं होतं. आता रोज दिवेलागणीला तुम्ही माझे होता. तो वेळ मला हवा होता. म्हणून मी म्हटलं, "सत्तावीस." तुम्ही म्हणालात, "बराबर." इतक्या महिन्यांत तुमच्या तोंडून निघालेल्या मोजक्या बरोबरांपैकी ते एक, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. पंधरा वर्षांची होते, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं सोडून दिलं. पण पुढे मी विशीत आले, डी.एड. झाले, नेरला नोकरीला लागले, लग्न झालं, आणि तरीही सांगितलं नाही. तेव्हा मी पंधराची नव्हते.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा पौर्णिमा आली आणि या वेळी मी आपणहून म्हटलं की वंदना मी सांगणार. आई नको नको म्हणाली, तुम्ही म्हणालात, "सांगू दे." केस खांद्याच्या वरपर्यंत आले होते, रुमालाची गरज नव्हती. पांढरा पंजाबी ड्रेस घालून मी उभी राहिले. त्रिसरणाच्या तिन्ही फेऱ्या नीट झाल्या, बोटांवर मोजतच म्हटल्या. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याशी मी थांबले. विहारात एकदम चुळबुळ झाली, पुढच्या रांगेतल्या काकूंनी ओळ उचलायला तोंड उघडलं, आणि तुम्ही दाराजवळून हात वर केलात. तळवा सगळ्यांकडे, कुणी बोलायचं नाही. दीडशे माणसं गप्प बसली. पंखा फिरल्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, आई म्हणते पाणी प्यायला लागतो तेवढा, तुम्ही म्हणायचे पाच मिनिटं. मग मी ती ओळ म्हटली, आणि मागून सगळ्यांनी म्हटली, आणि पाचवंही झालं. या वेळी टाळ्या तुम्हीही वाजवल्यात.

ही गोष्ट तुम्ही मरेपर्यंत लोकांना सांगत होतात. पाहुणा आला, सोयरा आला, केंद्रावर नवा माणूस रुजू झाला, की चहा व्हायच्या आत हीच गोष्ट. "सगळे सांगाले निघालते. म्या हात वर केला. म्हटलं, तिची ओळ हाय, तिलेच आठवू द्या." माझ्या लग्नात नवऱ्यालाही सांगितलीत. तो अजून सांगतो. त्या जूनमध्ये मी दहावीत बसले, मैत्रिणींपेक्षा एक वर्ष मागे, आणि सगळे पेपर दिले. अंगठा थकायचा तर डाव्या हातानं दाबून घ्यायची आणि पुन्हा लिहायची. मी पास झाल्याचे पेढे तुम्ही वाटत फिरलात, सायकलवर. स्कूटर तुम्ही परत कधी घेतली नाहीत. पुढे पैसा आला, केंद्रावरची बाकी माणसं मोटारसायकली घेऊन येऊ लागली, तुम्ही सायकलवरच जात राहिलात. तुमच्या छातीत दुखलं तेव्हा मी पोटुशी होते, आईनं फोन केला, मी नेरहून बस पकडून आले. तुम्ही खाटेवर उशांना टेकून बसला होता. माझ्या पोटाकडे बघून म्हणालात, "गाडीवर फिरून नको राहू आता." मग उशी सारखी करत, "त्या दिवशी माहंच ध्यान नव्हतं." माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा." तुम्हाला वाटलं मी माफ केलं. मला अजून कशाची इतकी लाज वाटत नाही जितकी त्या चार शब्दांची वाटते.

काल रविवार होता. मी पोरीला घेऊन आमच्या शाळेच्या मैदानावर गेले, दोन हेल्मेट आणि नवऱ्याची स्कूटी. आधी कडुनिंबाखाली बसवून तिला सगळं सांगितलं, उतार, वारा, हात, सगळं. तिनं मांडीवरचं हेल्मेट खाली ठेवलं. मग विचारलं, "आजोबांनी विचारलं होतं?" "हो." "अन् तू धरलं म्हणालीस?" "हो." तिनं चपलेच्या टोकानं माती उकरली आणि माझी बाजू घेत म्हणाली, "मी पण तेच म्हटलं असतं. त्यात काय एवढं." माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चूक. परत पाह्य." ती चकित होऊन बघायला लागली, कारण मी तिच्याशी कधी तशी बोलत नाही. मग गाडीवर बसली. दोन फेऱ्या एकटीनं मारल्या, एकदा झुडपात शिरली, तिसऱ्या फेरीला मला म्हणाली मागे बस. मी बसले. सव्वीस वर्षांत मी कुणाच्याही गाडीवर मागे बसले नव्हते, नवऱ्याच्यासुद्धा नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. मैदानाच्या त्या टोकाला जरासा उतार आहे, पावसाचं पाणी जायला केलेला. तिथं आल्यावर तिनं मान न वळवता विचारलं, "धरलं ना बरोबर?" तिला ते मीच सांगितलं होतं तासाभरापूर्वी. मी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. उजवा अंगठा दुखत होता. "हो, धरलं," मी म्हणाले, आणि खरोखर धरलं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? तुमचं काळं कापड माझ्याकडे आहे, त्याच्या घडीत ठेवून देईन. आजही त्याला दोन-चार तंतू चिकटलेले आहेत, मी झटकत नाही. फक्त एक गोष्ट राहिली, ती पोरीलाही सांगितलेली नाही, कारण ती गोष्ट तुमची आहे आणि घरात सगळ्यांना फार आवडते. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. त्या पौर्णिमेला मी ते विसरले नव्हते, बाबा. ओळ मला पूर्ण येत होती. तुम्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलंत, माझ्याकडे बघत उभे राहिलात, आणि मी तुमच्यासमोर ती म्हणू की नको हे ठरवत होते. मग म्हटली.